पाठ आहे, पण ऐन वेळी आठवत नाही: नासाडीच्या सवयीपुढे विचार उभा करण्याची रीत

सप्ताहाच्या रात्री अभंगाचा पुढचा चरण बुवांच्या आधी म्हणणारी माणसं आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यात वाड्यावाड्यावर आहेत. त्यांतलीच काही दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला तिठ्यावरच्या बारमध्ये दिसतात. मीही त्यांत होतो. २०१२ साली खाणी बंद झाल्या, ट्रकांचे हिशेब लिहिण्याचं माझं काम गेलं आणि संध्याकाळ रिकामी झाली. ती भरायला जे हाती धरलं, त्यानं पुढची सात वर्षं खाल्ली. त्या सात वर्षांत माझं पाठांतर एका ओवीनंही कमी झालं नव्हतं.

आता दर गुरुवारी आम्ही पाच-सहा जण देवळाच्या सभामंडपात बसतो. कोणाला दारू, कोणाला मटका, कोणाला मोबाइलवरचा सट्टा, एकाला राग. नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करून आलेला असतो. आधी देवापुढे आंगवण म्हणजे शपथ, मग चार दिवस कडकडीत, पाचव्या दिवशी घसरण, आणि त्यानंतर "हे ज्ञान पुस्तकात ठीक आहे" असं म्हणून सगळ्यावरच पाणी. ज्ञानात खोट नसते, क्रम उलटा झालेला असतो. शपथेच्या आधी बरंच काही व्हावं लागतं, आणि ते नीट झालं तर शपथेची गरज फारशी उरत नाही असं माझं मत आहे.

खालचा क्रम आमच्या मंडपात वापरून, मोडून, पुन्हा जुळवून झालेला आहे. पायऱ्या गाळू नका, त्यांची अदलाबदलही करू नका.

## आधी हे तपासा: शरीर तयार आहे का?

विचाराच्या आधी वैद्य. जो माणूस महिनोन् महिने रोज भरपूर पितो, त्यानं एका रात्रीत दारू तोडणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होऊ शकतो, नसलेलं दिसतं, ऐकू येतं, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. आमच्यातल्या एकानं चवथीच्या तोंडावर शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात झटका येऊन पडला. घरच्यांना वाटलं, देवाचा कोप. तो कोप नव्हता. औषधाविना तोडलेली दारू होती.

रोज पिणाऱ्यानं म्हणून पहिल्यांदा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटावं, किंवा सरळ बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात जावं. किती पितो ते खरं सांगावं. निम्मं सांगितलंत तर औषधही निम्म्याचंच मिळेल. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. झटका आला किंवा माणूस भ्रमात गेला तर थेट १०८.

थांबा. जगणंच नको, असं मनात येत असेल तर पुढचा लेख आज वाचू नका. १४४१६ लावा, आणि घरात किंवा शेजारी जो कोणी जागा असेल त्याला तोंडानं सांगा. रात्री एकटे राहू नका. वही नंतर.

## १. सात दिवस फक्त नोंद करा

शंभर पानी साधी वही घ्या. मोबाइलवर लिहू नका. ज्या यंत्रावर सट्टा लागतो त्याच यंत्रावर सट्ट्याची नोंद ठेवायची, हे चालत नाही.

पानावर तीन रकाने पाडा: किती वाजता, कुठं, आणि त्याच्या लगेच आधी काय झालं. सात दिवस एवढंच. काही सोडायचं नाही, कोणाला काही सांगायचं नाही, स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. प्यायला असाल तर गाडी मात्र चालवायची नाही, ही एकच अट.

बहुतेकांना हा आठवडा वाया जातोय असं वाटतं आणि ते तिसऱ्याच दिवशी "आजपासून बंद" म्हणून मोकळे होतात. माझी विनवणी आहे, घाई करू नका. तिसरा रकाना भरल्याशिवाय पुढच्या एकाही पायरीला धरायला कठडा नाही. मला वाटायचं मी दमून पितो. वहीत सात दिवसांपैकी पाच दिवस तिसऱ्या रकान्यात एकच गोष्ट निघाली: दुपारी कोणीतरी "मग, सध्या काय करतोस?" असं विचारलं होतं. दमण्याचा संबंधच नव्हता. लाज होती.

पडताळा. तिसऱ्या रकान्यात "सवय म्हणून" किंवा "असंच" असं तीनपेक्षा जास्त वेळा आलं असेल तर आणखी चार दिवस नोंद करा. "असंच" काही होत नाही.

## २. जिना ओळखा

वही भरली की गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे दोन श्लोक शेजारी लिहा.

ध्यायतो विषयान्पुंसः सङ्गस्तेषूपजायते ।
सङ्गात्सञ्जायते कामः कामात्क्रोधोऽभिजायते ॥
क्रोधाद्भवति सम्मोहः सम्मोहात्स्मृतिविभ्रमः ।
स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो बुद्धिनाशात्प्रणश्यति ॥

हे सगळ्यांना पाठ असतं. आपल्या वहीवर ठेवून मात्र कोणी वाचत नाही. ध्यान, संग, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश, प्रणाश. हा खाली उतरणारा जिना आहे आणि त्याला आठ पायऱ्या आहेत.

आमच्यातला एक चोडण बेटावरचा. पणजीत नोकरी, मॅचवर सट्टा. त्याच्या वहीतली एक संध्याकाळ मी त्याच्या परवानगीनं सांगतो. साडेपाचला कचेरीतल्या कोणीतरी आजच्या सामन्याचा विषय काढला: हे ध्यान, मन त्या वस्तूभोवती फिरायला लागलं. रायबंदरला जाणाऱ्या बसमध्ये तो कोण किती धावा काढेल ते मनात मांडत बसला: संग. धक्क्यावर पोचला तर फेरीबोट नुकतीच सुटलेली, हातात मोकळा वेळ, "आज पाचशेच लावू": काम. तेवढ्यात बायकोचा फोन, येताना खोबरेल आणा. तो तिच्यावर खेकसला. हा क्रोध, आणि तो खोबरेलावर नव्हताच, मध्ये आलेल्या आवाजावर होता. मग "मागच्या वेळी थोडक्यात गेले": संमोह. मग गहाण पडलेली सोनसाखळी डोक्यातून साफ पुसली गेली: स्मृतिभ्रंश. मग मोबाइलवर बोट चाललं.

आता क्रम नीट पाहा, कारण या सगळ्या लेखाचा कणा इथं आहे. आठवण बुद्धीच्या आधी जाते. ऐन वेळी ओवी का आठवत नाही, याचं उत्तर त्या श्लोकातच दिलेलं आहे. बारच्या दारात उभं राहून ज्ञान आठवू पाहणारा माणूस सहाव्या पायरीवर उभा असतो, आणि सहावी पायरी म्हणजेच आठवण पुसली जाण्याची जागा. तिथं झुंजायचं नसतं. झुंज पहिल्या दोन पायऱ्यांवर, साडेपाच वाजता, बसमध्ये. तिथं ती झुंज वाटतही नाही इतकी हलकी असते.

आपल्या सात नोंदींतल्या किमान तीन नोंदी अशा आठ तुकड्यांत मोडा. सगळे तुकडे सापडणार नाहीत, चालेल. पहिला आणि चौथा मात्र शोधाच. पहिला, कारण झुंज तिथं द्यायचीय. चौथा, कारण घरच्या माणसावर विनाकारण आवाज चढणं ही बाहेरून दिसणारी पहिली खूण आहे. ती खूण दिसली की आपण जिन्याच्या मध्यावर आहोत असं समजा.

## ३. नुकसान मांडा, रुपयांपासून सुरू करा

माणसं हे काम भावनेपासून सुरू करतात. "मी घराचं वाटोळं केलं" असं एक वाक्य लिहितात, रडतात, वही मिटतात. त्यानं काही होत नाही. पैशापासून सुरू करा, कारण पैसा मोजता येतो.

बुद्धानं सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला केलेल्या उपदेशात दारूची सहा नुकसानं अशी मांडली आहेत: धन जातं, भांडणं वाढतात, रोग लागतात, नाव जातं, लाज सुटते, बुद्धी दुबळी होते. पहिलं धन ठेवलंय, हे लक्षात घ्या. त्याच उपदेशात जुगाराचीही सहा आहेत. जिंकला तर वैर येतं, हरला तर गेलेल्या पैशाचं दुःख, डोळ्यांदेखत पैसा संपतो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ मानतात, आणि लग्नासाठी मुलगी कोणी देत नाही. अडीच हजार वर्षं होत आली, तरी यातलं एकही नुकसान कालबाह्य झालेलं नाही.

सहा ओळी पाडा आणि गेल्या एका महिन्याचंच लिहा. आयुष्यभराचं नको. बिल नसेल तर अंदाज लिहा, पण आकडा लिहा. माझ्या पहिल्या ओळीत बारचा आकडा होता, त्याखाली उशिरा भरलेल्या वीजबिलाचा, त्याखाली दोन वेळा भाड्यानं केलेल्या पायलटचा (मोटारसायकल टॅक्सीचा), कारण गाडी चालवण्याच्या स्थितीत मी नव्हतो. शेवटच्या ओळीत मुलीचं एक वाक्य होतं. ते इथं लिहीत नाही.

सावधान. हे पान घरच्यांना दाखवायची घाई नको. ते तुमच्यासाठी आहे. दुसऱ्याला दाखवलं की त्याचं लगेच माफीनाम्यात रूपांतर होतं, आणि माफी मिळाली की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं.

## ४. एकच वाक्य निवडा

एकच. पाच नको. आमच्याकडे आलेल्या एका तरुणाच्या मोबाइलवर सुविचारांची एकशेचाळीस चित्रं साठवलेली होती. त्यांतलं एक तरी न बघता सांग, म्हटलं. त्याला एकही सांगता आलं नाही.

वाक्य कसं असावं?

एका श्वासात म्हणता यावं. आपण रागात, घाईत ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत असावं. घरी कोंकणी बोलत असाल तर कोंकणीत ठेवा. माझं वाक्य कोंकणीतच आहे. त्यात काय करायचं ते असावं, किंवा थांबवणारा एक प्रश्न असावा. कठोपनिषदात यम नचिकेत्याला सांगतो की श्रेय आणि प्रेय ही दोन्ही माणसासमोर येतात, शहाणा माणूस त्यांची निवड करतो. आमच्यातल्या एका ताईंनी त्याचं इतकं साधं केलंय: "हे आत्ताच गोड की उद्यापण गोड?" त्यांना साखरेचा आजार आहे आणि रात्री अकरानंतर खाण्याची सवय होती. फ्रिजच्या दाराशी हा प्रश्न पुरेसा पडतो, असं त्या सांगतात.

पतंजलीनं योगसूत्रांत यासाठी शब्द दिलाय प्रतिपक्षभावन: नको तो विचार उठला की त्याच्या समोरचा विचार उभा करायचा. समोरचा, म्हणजे त्याच विचाराला उत्तर देणारा. इथं पुष्कळांचं चुकतं. मोह म्हणतो "आज पाचशेच", आणि आपण उत्तर देतो "संसार असार आहे". प्रश्न एक, उत्तर भलतंच. चोडणच्या त्या गृहस्थानं ठेवलेलं उत्तर पाहा: "पाचशेवर मी एकदाही थांबलेलो नाही." नेमकं, खरं, आणि त्याच्या वहीतून आलेलं.

मोठी चूक. स्वतःला हिणवणारं वाक्य. "मी नालायक आहे", "माझ्यानं व्हायचं नाही." गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे: उद्धरेदात्मनात्मानं नात्मानमवसादयेत्. स्वतःला खाली ढकलू नये. हिणवणारं वाक्य आपल्याला नम्रता वाटतं, पण ते म्हणून झाल्यावर माणूस कुठं जातो ते वहीत पाहा. त्या लाजेनंच मला पाच दिवस बारमध्ये नेलं होतं.

## ५. सकाळी सराव, त्याच जागी

हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि माझ्या मते अर्ध्याहून जास्त काम हिच्यात आहे.

वाक्य पाठ असणं निराळं आणि जागेला बांधलेलं असणं निराळं. देवळात पाठ केलेली ओवी देवळात आठवते. तिठ्यावर आठवायला हवी असेल तर ती तिठ्यावर म्हटली पाहिजे, आणि मन शांत असताना म्हटली पाहिजे. पोहायला पुरात शिकत नाहीत.

तुमच्या वहीतल्या जिन्याच्या पहिल्या पायरीची जागा घ्या. बार नव्हे, त्याच्या आधीचं वळण. पहाटे साडेसहा-सातला, दुकानं उघडण्याआधी, तिथं जा. मी स्कूटर घेऊन तिठ्यावर जायचो. इंजिन चालू, पाय जमिनीवर. वाक्य एकदा तोंडानं म्हणायचं, उजवीकडचा दिवा लावायचा, आणि बारच्या रस्त्यानं न जाता उजवीकडून घरी यायचं. पुन्हा फिरून तिथंच. तीन फेऱ्या. पहिल्या दिवशी पाववाला बघत उभा राहिला, मला फार संकोच वाटला. चौथ्या दिवसानंतर तोही थांबला नाही आणि मीही नाही.

वाक्यासोबत हाताची एक क्रिया असलीच पाहिजे. दिवा लावणं, मोबाइल पिशवीच्या तळाशी टाकणं, चप्पल काढणं. मनाला विसर पडला तरी हाताला पडत नाही. मोबाइलची खोड असणाऱ्यांनी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये त्याच खुर्चीवर बसून सराव करावा.

असं दहा सकाळी. पतंजलीनं अभ्यास पक्का होण्यासाठी तीन अटी घातल्या आहेत: दीर्घकाळ, खंड न पडता, आदरानं. दहा दिवस म्हणजे दीर्घकाळ नव्हे, पण खंड न पाडण्याची अट इथं पाळून बघा. एक सकाळ चुकली तर मोजणी पुन्हा एकपासून.

याच दहा दिवसांत वाटा अरुंद करा. खिशात दिवसापुरतीच रोकड ठेवा. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची दिवसाची मर्यादा बँकेत कमी करून घ्या. मटक्याचा आकडा घेणाऱ्या गाड्यावरून जायची वाट बदला, दहा मिनिटं जास्त लागली तरी. यात कमीपणा कसला? कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात इंद्रियं घोडे आहेत, मन लगाम, बुद्धी सारथी. चांगला सारथी उधळणारे घोडे बाजारातून नेत नाही.

पडताळा. संध्याकाळी त्या वळणावर वाक्य आपोआप ओठांवर आलं का? आलं, पण पाळलं नाही, तरी हरकत नाही. सराव लागलाय. आलंच नाही, तर जागा चुकलीय. वहीतून आणखी आधीची जागा शोधा.

## ६. संध्याकाळ कशानं भरणार, ते आधी ठरवा

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ३४वं सूक्त जुगाऱ्याचं आहे. तो स्वतःच बोलतो. सासू तिरस्कार करते, बायको दूर लोटते. आता खेळणार नाही असं ठरवतो, मित्र त्याला मागं टाकून निघून जातात, आणि फाशांचा आवाज कानावर पडताच तो तिकडं धावतो. मांडवीच्या काठावर रात्री कॅसिनोंच्या बोटींचे दिवे बघत उभ्या राहिलेल्या माणसाचं मन यापेक्षा निराळं नसतं. त्या सूक्तात शेवटी मिळालेला सल्ला असा आहे: अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व. फासे खेळू नकोस, शेतच कर.

"खेळू नकोस" एवढ्यावर ती ओळ थांबत नाही. लगेच हाताला काम देते. आपण मात्र पहिलाच अर्धा भाग घेतो आणि सात ते नऊ असे दोन तास भिंतीकडे बघत बसतो.

काम हाताचं असावं, घराबाहेरचं असावं, आणि दुसऱ्या दिवशी थोडं पुढं गेलेलं दिसावं. पोरसातली भाजी, कुळागरातलं पाणी, भजनी मंडळात पखवाज शिकणं, शेजारच्या मुलांचं गणित. मी अळूच्या वाफ्यापासून सुरुवात केली. वाचन या वेळेला ठेवू नका. वाचताना मन सहज निसटतं.

आणि ओढ उठलीच तर? ती लाटेसारखी चढते आणि ओसरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. तो अर्धा तास काढायचा क्रम असा: आधी पाणी, मग पोटात काहीतरी घन. उंडो-भाजी, पेज, केळं, जे असेल ते. उपाशीपोटी कोणतंही तत्त्वज्ञान टिकत नाही. मग चालायला निघा, खिसा रिकामा ठेवून. अर्ध्या तासानंतर निर्णय घ्या, आधी नाही.

## ७. रात्रीचे तीन प्रश्न

रोमन तत्त्वज्ञ सेनेका झोपण्यापूर्वी दिवसाचा हिशेब घ्यायचा. ही रीत त्यानं सेक्स्टियस नावाच्या विचारवंताकडून उचलली होती. दिवा गेल्यावर, त्याची सवय माहीत असलेली बायको गप्प झाल्यावर, तो अख्खा दिवस स्वतःपुढं मांडायचा. सेक्स्टियसचे प्रश्न तीन: आज कोणती वाईट सवय बरी केलीस? कोणत्या दोषाला तोंड दिलंस? कोणत्या बाबतीत सुधारलास?

आम्ही तेच तीन ठेवलेत, थोडे सोपे करून. जिन्यावर आज कितव्या पायरीपर्यंत उतरलो? कुठून मागं फिरलो? उद्या त्या वेळी हात काय करेल? प्रत्येकाला एक ओळ, फार तर दोन. पाच मिनिटांत वही बंद.

इथं दोन प्रकारची माणसं चुकतात. एक, निबंध लिहिणारी. चार-चार पानं, आईबापापासूनचं सगळं. आठवडाभरात कंटाळून वही कपाटात जाते. दुसरी, कबुलीजबाब लिहिणारी, जी रोज स्वतःला फाशी सुनावतात. सेनेका स्वतःला काय म्हणायचा ते ऐका: पुन्हा असं करू नकोस, या वेळी तुला क्षमा आहे. न्यायाधीश कडक असावा, पण त्यानं आरोपीला उद्या पुन्हा कामावर पाठवलं पाहिजे.

## ८. एक माणूस

एकट्यानं हे सगळं तीन आठवडे चालतं. पुढं नाही.

बायकोला, नवऱ्याला किंवा आईला या कामाला लावू नका. त्यांनी आधीच पुष्कळ सोसलंय, आणि त्यांच्या "आज घेतली का?" या प्रश्नाला तुमच्या कानात आरोपाचा सूर लागतो. जिन्यावरून कधीतरी उतरून परत वर आलेला माणूस शोधा. मी जवळच्या एका, फेरीबोटीवरून निवृत्त झालेल्या खलाशाला विचारलं होतं: "भाई, रोज साडेनऊला तुम्हांला एकच शब्द पाठवीन. 'वर' किंवा 'खाली'. तुम्ही काही बोलायचं नाही. शब्द आला नाही, तर सकाळी घरी या." ते म्हणाले, "येईन. पण चहा घेतल्याशिवाय जाणार नाही." सहा वर्षांत ते तीनदा आले.

असा कोणी जवळ नसेल तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका गोव्यातही होतात. तिथं नाव विचारत नाहीत, फी नसते.

## ९. घसरलात तर

घसराल. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जण घसरतात. त्या रात्री करायचं काहीच नाही: गाडी नाही, भांडण नाही, माफी नाही, आणि शपथ तर मुळीच नाही. पाणी पिऊन झोपा.

सकाळी वहीत तीन रकाने भरा, जिन्याचे तुकडे पाडा, साडेसहाला वळणावर जाऊन या. चोवीस तासांच्या आत एवढं झालं पाहिजे. उशीर झाला की "आता गेलंच आहे तर" हे वाक्य मनात बसतं आणि एका रात्रीचा आठवडा होतो.

ज्यांनी आंगवण केलेली असते त्यांना इथं फार जड जातं, कारण मोडल्याचं भय देवाचं असतं आणि त्या भयावर पुन्हा उतारा दारूचाच सापडतो. देवाला गाऱ्हाणं घाला, "शक्ती दे" म्हणा. तारखेचा करार करू नका.

## श्रावण, व्रत आणि त्यानंतरचा दिवस

"श्रावणात मी थेंब घेत नाही, म्हणजे माझ्या ताब्यात आहे." हे मी स्वतः कित्येक वर्षं म्हणत आलो. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, व्रताच्या दिवसांत किती काटेकोर राहतात ते आपण बघतो. ख्रिस्ती शेजारी लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, सोडतात. हे सगळं खरं बळ आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण व्रताला शेवटचा दिवस असतो, आणि त्या काळात सगळं गाव सोबत असतं. प्रश्न त्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळचा आहे. व्रत सुरू होतानाच वहीत ती तारीख लिहा आणि त्या संध्याकाळी सातला कुठं असणार ते ठरवून ठेवा.

तसेच मार्च-एप्रिलमधले हुर्राकचे (काजूच्या ताज्या दारूचे) दिवस, शिगमो, लग्नाचे मांडव, चवथीनंतरच्या भेटीगाठी. वर्षाच्या दिनदर्शिकेवर आधीच खुणा करा. यजमानाला आधी फोन करून "माझ्यासाठी सोलकढी ठेव" सांगितलं की ग्लास हातात देणारे निम्मे तिथंच संपतात.

## तिसावा दिवस

एपिक्टेटस हा गुलामगिरीतून सुटलेला तत्त्ववेत्ता शिष्यांना राग मोजायला सांगायचा. आधी रोज रागावत होतो, मग दिवसाआड, मग तीन दिवसांनी, मग चार. तीस दिवस गेले तर देवाला नैवेद्य दाखव. त्याची मोजणी मला फार आवडते, कारण ती अंतर मोजते, अपयश नाही. वहीच्या शेवटच्या पानावर दोन घसरणींमधले दिवस लिहीत जा: ४, ६, ५, ११, ९, १७. मधला आकडा खाली आला तरी पुसू नका.

तीस झाले की देवळात नारळ द्या, घरात गोड करा, खलाशी भाईंना जेवायला बोलवा. दुसऱ्या सवयीला त्याच दिवशी हात घालू नका. पहिल्या सवयीची वही आणखी दोन महिने चालू ठेवा, फक्त सकाळच्या फेऱ्या आठवड्यातून एक करा. मी अजूनही दर सोमवारी साडेसहाला तिठ्यावर जातो. उजवीकडचा दिवा लावतो, आणि पाववाल्याकडून चार उंडे घेऊन घरी येतो.